सरडा, कायदा आणि माझं पार्किंग

सुट्टीवर खानापुरात घरी आलोय. परवा कट्ट्यावर बसलो होतो. समोरच्या चिऱ्याच्या गडग्यावर लाल मुंडीचा सरडा मान डोलवत बसलेला आणि भाचा गलोल ताणून उभा. 'ए, सोड त्याला!' मी असा ओरडलो की आई आतून धावत आली.

भाचा म्हणतो, 'मामा, लहानपणी किती सरडे मारलासा ते तुम्हीच सांगत होतासा की.'

खोटं नाही. पण गेल्या उन्हाळ्यानं माझी खोड मोडली.

इंग्लंडात आमच्या घरामागच्या माळावर पार्किंग होणार होतं. काम सुरू होणार तोच थांबलं, कारण तिथं सरडे निघाले. 1981च्या कायद्यानं त्यांना मारणं, इजा करणं, विकणं गुन्हा आहे. मग गुडघाभर उंचीचं प्लास्टिकचं कुंपण आलं. गवतात डांबरी कागदाचे काळे तुकडे पसरले. ऊन पडलं की सरडे तिथं शेकायला येणार आणि एक माणूस सकाळी येऊन त्यांना अलगद बादलीत घालून दुसऱ्या माळावर सोडणार. असं कित्येक आठवडे! तोवर मी दोन गल्ल्या पलीकडं गाडी लावून पावसात भिजत घरी. आपल्याकडं रस्त्यासाठी जमीन घेताना माणसालासुद्धा एवढ्या अदबीनं उचलत नाहीत.

आणि सरडा तरी केवढा? शेपटीसकट 10 ते 15 सेंटिमीटर, मातकट तपकिरी. नराचं पोट तेवढं नारिंगी, वर काळे ठिपके. पकडला तर पालीसारखी शेपूट टाकून पळतो. आपल्या सरड्याचा तोरा त्याला नाहीच.

मादीला मात्र मी मानलं. आपली सरडी मातीत खड्डा करून अंडी घालते, वर माती ओढते आणि चालती होते. पुढचं ऊन बघून घेतं. तिकडच्या मातीत ती ऊब कुठली? म्हणून तिथली सरडी अंडी पोटातच वागवते, अंग चपटं करून तासन् तास उन्हात पडते आणि जुलै-ऑगस्टात थेट पिल्लंच घालते. चारेक सेंटिमीटरची, काळीकुट्ट. पातळ पडद्यातून बाहेर पडली की आपापल्या वाटेनं कोळी-किडे शोधायला मोकळी. ऑक्टोबर ते मार्च सगळी दगडा-ओंडक्यांखाली गप्प. माझा तिकडचा पहिला हिवाळा असाच गेला होता.

'म्हणजे पोरं जन्मल्या जन्मल्या निघून जातात नि आईला विचारत नाहीत?' आईनं फणसाचे गरे काढता काढता विचारलं, माझ्याकडं न बघता.

मी दर रविवारी फोन करतो, एवढं इथं नोंदवून ठेवतो.

भाच्याला वेगळीच काळजी. 'सरडा मारला तर तिथं जेल होते काय, मामा?'

'होऊ शकते.'

गलोल खिशात घालत तो म्हणाला, 'मग तुम्ही तिथं जन्मला असतासा तर अजून आतच असतासा.'