आधी जवळचा किनारा, मग गोट आयलंड

न्यूझीलंडमध्ये मुलांच्या शाळेपायी आईबापांना वेटसूट (गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख) चढवावा लागतो, हे इथे येण्याआधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. 'एक्सपीरियन्सिंग मरीन रिझर्व्ह्ज', म्हणजे सागरी राखीव क्षेत्रांचा अनुभव देणारा उपक्रम, इथल्या बऱ्याच शाळांत चालतो. मुलांबरोबर पाण्यात उतरायला मोठी माणसं लागतात, त्यात पालकही असतात.

मला आवडतो तो त्यातला क्रम. आधी वर्गात ओळख आणि तरणतलावात स्नॉर्केलचा, म्हणजे तोंडात धरायच्या श्वासनळीचा, सराव. मग घराजवळच्या, मासेमारी चालते अशा किनाऱ्यावर उतरायचं. तिथे बोडके खडक, त्यांवर कीना, म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव (सी अर्चिन), आणि तुरळक मासे. मुलं त्यावरही खूश असतात, कारण समुद्र असाच असतो असं त्यांना वाटतं! त्यानंतर ऑकलंडपासून दीड तासावर, ली गावाजवळचं गोट आयलंड, म्हणजे मासेमारी बंद असलेलं सागरी राखीव क्षेत्र. तिथे केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाचं दाट रान आणि माणसाला न बुजणारे दांडगे स्नॅपर मासे. स्नॉर्केल तोंडात ठेवूनच पोरं ओरडतात, त्यातलं एक अक्षर कळत नाही.

कारण साधं आहे. कीना केल्प फस्त करतो आणि कीनाला खातात मोठे स्नॅपर नि क्रेफिश, म्हणजे आपले शेवंड. ते माणसानेच पकडून नेले की कीना माजतो, खडक उघडे पडतात. गोट आयलंडला मासेमारी बंद झाल्यावर बऱ्याच वर्षांनी केल्प परत आलं. हे फळ्यावर शिकवता येतंच, पण दोन्ही पाण्यांत डोकं घातलेलं मूल "मग आपल्याकडे का नाही?" असं विचारतं. उपक्रमाचा पुढचा टप्पा तोच: आपल्या किनाऱ्यासाठी मुलांनी स्वतः काहीतरी करायचं.

हे राखीव क्षेत्र सहज झालेलं नाही. इथल्या सागरी प्रयोगशाळेच्या बिल बॅलंटाइन यांनी साठच्या दशकात पाठपुरावा सुरू केला. सागरी राखीव क्षेत्रांचा कायदा १९७१ मध्ये आला, क्षेत्र १९७५ मध्ये जाहीर झालं. गावातून विरोधही झाला. १९८७ च्या मालवण सागरी अभयारण्यालाही मच्छीमारांचा विरोध होताच. पण मालवणात प्रश्न रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीवर) चालणाऱ्या घरांचा आहे, म्हणून 'न्यूझीलंडसारखं करा' असं इथे बसून सांगायला माझी जीभ रेटत नाही. मुलांना आधी पाण्याखालचं दाखवण्याची रीत मात्र तिथेही चालेल.

इकडे येणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. भर उन्हाळ्यातही पाणी कोकणापेक्षा बरंच गार असतं, वेटसूटला नाही म्हणू नका.