आधी झाड ओळखा, मग किडा आपोआप सापडतो

मला हल्ली बरेच जण विचारतात की फुलपाखरं, किडे ओळखायला शिकायचंय तर सुरुवात कुठून करू, कुठलं ॲप घेऊ, कॅमेरा लागतो का वगैरे. माझं उत्तर एकच, आधी झाड ओळखायला शिका. किडा उडून जातो, झाड कुठे जात नाही, आणि बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत इतक्या हट्टी असतात की झाड कळलं की अर्धं काम तिथेच झालं.

बडोद्यात तर लांब जायचीही गरज नाही. कमाटी बाग छानच आहे, १८७९ची, मोठमोठी झाडं आहेत, पण खरी मजा सोसायटीच्या मागच्या पडीक प्लॉटवर. तिथे रुई असतेच. शेजारचे गुजराती लोक आकडो म्हणतात, आपल्याकडे शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही. आता पावसाळा संपत आलाय तर एक रुई धरा आणि रोज बघा.

कोवळ्या शेंड्याला पिवळाधमक मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसेल, आणि मावा आहे म्हणजे त्याला खाणारे ढालकिडेही (लेडीबर्ड) बहुतेक तिथेच. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा एक जाडजूड टोळ असतो, त्याच्या पिल्लाला छेडलं तर ते अंगातून पाण्यासारखी पिचकारी मारतं, म्हणून तोंड जवळ नेऊ नका. फुलावर काळा मोठा भुंगा येतो, रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांच्या छोट्या पिशव्या असतात आणि त्या भुंग्याच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलावर जातात.

पण माझा जीव अडकलाय तो प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळीत. पानाच्या खालच्या बाजूला एकेक सुटं अंडं, त्यातून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळे ठिपके असलेली अळी, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही अळी लगेच खायला बसत नाही. आधी पानाची शीर कुरतडते, तिथे चीक गळून जातो, आणि मग पुढचा भाग आरामात खाते, म्हणजे आपण नळाचा मेन कॉक बंद करून काम करतो ना तसंच. एवढीशी अळी आणि हे तिला कोणी शिकवलं? मी अजूनही बघत उभी राहते. (रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरंच इजा होते, पान हाताळलं तर आधी हात धुवा.)

घरातही बघा. कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर झटकू नका, ती बहुतेक लाइम किंवा कॉमन मॉरमन या फुलपाखरांची लहान अळी असते, मोठी झाली की हिरवी होते. एरंडावर कॉमन कॅस्टर, टाकळ्यावर ग्रास यलो या फुलपाखरांच्या अळ्या. ॲप वापराच, मीही आयनॅचरलिस्ट या ॲपवर फोटो टाकते, पण फोटो नुसत्या फुलाचा नको, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, चीक येतो का, खोडावर लव आहे का, हे सगळं घ्या, आणि किडा कुठल्या झाडावर होता ते लिहाच, ओळखणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो. विश्वामित्रीच्या काठावर मात्र खाली उतरू नका, मगरी आहेत.

आणि प्लेन टायगर बघायची सवय झाली की एक काम करा. मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके आहेत का बघा. नसतील, फक्त वरच्या कडेला एकच असेल, तर तो प्लेन टायगर नाहीच, ती डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी. प्लेन टायगर बेचव म्हणून पक्षी त्याला सहसा टाळतात, हिने त्याचंच रूप घेतलंय. नर तर अगदीच वेगळा, काळा आणि त्यावर मोठे पांढरे ठिपके. ही मादी दिसली की रुईकडे जाऊ नका, जमिनीलगत घोळ शोधा, जिची आपण भाजी करतो ती, तिची अंडी तिथे मिळतील.