कॅम सेन्सर, तिसरा रविवार: चोर अर्थिंगमध्ये निघाला

मागच्या दोन नोंदी खोडाव्या लागणार. सेन्सर चांगला होता. जुनाही आणि नवाही.

नव्यांसाठी थोडक्यात: बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी, कोपरखैरण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. पाऊस लागल्यापासून सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागायचा. एकदा सुरू झाली की ठाण्यापर्यंत कुरकुर नाही. स्कॅनरवर पी०३४०, म्हणजे कॅम सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड असल्याचा कोड. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं काही न मोजता सेन्सर बदलला, चौथ्या दिवशी कोड परत हजर.

सुरू उशिरा होते, पण नीट चालते, हे कोडं आधी सोडवलं. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) सेन्सरला पिस्टन वर आलाय एवढं कळतं. पण चार स्ट्रोकला क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, आणि तेवढ्यात तोच पिस्टन दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. यातलं कुठलं, ते कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सांगतो, कारण त्याचा तेवढ्यात एकच फेरा होतो. त्यावरून ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) प्रत्येक इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) त्याच्या पाळीला उघडतो. माझा ईसीयू कॅमची वाट बघून शेवटी एकट्या क्रँकवर काम भागवतो. काही गाड्या मात्र अशा वेळी सुरूच होत नाहीत.

आता माझी चूक. हा तीन वायरचा हॉल (चुंबकत्व ओळखणारा) सेन्सर: सप्लाय, अर्थ, सिग्नल. सिग्नलच्या वायरवर ५ व्होल्ट ईसीयूच पाठवतो. कॅमवरच्या चाकाचा दात समोर आला-गेला की सेन्सर ती वायर अर्थला टेकवतो नाहीतर सोडतो, बस. दोन्ही रविवारी मी कपलर (सेन्सरला वायरी जोडणारा सॉकेट) काढून मोजत होतो, आणि सगळं शंभर टक्के बरोबर! असणारच. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, मग गंजलेली पिनसुद्धा साळसूद दिसते.

या वेळी कपलर लावलेलाच ठेवला. मागून, रबरी सीलच्या कडेनं सिग्नलच्या वायरपर्यंत टाचणी सरकवली, स्पार्क प्लग काढले, इग्निशन ऑन करून क्रँक पुलीचा बोल्ट गोटी पान्यानं हळूहळू फिरवला, इंजिन फिरतं त्याच दिशेनं. (वॉचमन काका: "साहेब, ढकलू का?") आकडा ५ वरून खाली यायचा तो २.६ ला अडकायचा. शून्याच्या जवळ यायला हवा. मग सेन्सरची अर्थ पिन ते बॅटरीचा निगेटिव्ह मोजलं: २.४ व्होल्ट. तिथे जेमतेम ०.१ असावा.

कपलर उघडला तर अर्थच्या पिनच्या मुळाशी हिरवी बुरशी, वायरचे तीनच तंतू शाबूत. नवी पिन क्रिंप केली. आता खालचा आकडा ०.२.

पाच दिवस धो धो पाऊस, गाडी पहिल्या सेल्फला. जुना सेन्सर पुसून परत बसवतोय, पण त्याची ओ-रिंग कडक झालीय, ऑइल पाझरतंय. पुढच्या रविवारी तेच.