इनपुट आणि फॉरवर्ड यांतला फरक

टेकडीवरच्या टॉवरवरील मायक्रोटिक कंपनीच्या राउटरची फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी नियमावली) नव्याने लिहायला घेतली, तेव्हा इनपुट आणि फॉरवर्ड या दोन साखळ्या (नियमांच्या याद्या) मनात नीट वेगळ्या करण्यातच माझा बराच वेळ गेला. खुद्द राउटरसाठी आलेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) इनपुटमध्ये तपासले जाते, तर ग्राहक आणि इंटरनेट यांच्यात केवळ राउटरमधून पुढे जाणारे पॅकेट फॉरवर्डमध्ये. त्यामुळे फॉरवर्डमध्ये कितीही कडक नियम लिहिले, तरी विनबॉक्सचे, म्हणजे राउटर दुरून हाताळण्याच्या मायक्रोटिकच्या प्रोग्रामचे, ८२९१ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) बाहेरच्यांना उघडेच राहू शकते. २०१८ मध्ये विनबॉक्समधील त्रुटीचा गैरफायदा घेऊन जगभरातले अनेक राउटर ताब्यात घेतले गेले, ते अशाच उघड्या पोर्टांमधून.

नियम वरून खाली तपासले जातात, म्हणून क्रमाला फार महत्त्व आहे. प्रस्थापित (आधीच सुरू असलेल्या) व त्यांच्याशी संबंधित जोडण्यांना परवानगी, अवैध (कोणत्याही ओळखीच्या जोडणीत न बसणाऱ्या) पॅकेटना नकार, व्यवस्थापनाच्या मोजक्या पत्त्यांना प्रवेश आणि अगदी शेवटी उरलेल्या सर्वांना नकार, असा माझा क्रम असतो. एकदा हा शेवटचा नियम मी आधी लिहिला, राउटरशी संपर्कच तुटला आणि भर उन्हात टेकडी चढावी लागली. आता सेफ मोड सुरू केल्याशिवाय मी एकही नियम बदलत नाही, कारण संपर्क तुटल्यास त्यात केलेले बदल राउटर स्वतःच मागे घेतो.