‘इट’ले मधात बसव

दिवाळीच्या सुट्टीत भाची दारव्ह्याकडच्या आमच्या गावी येते आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी सुरू असते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन गेलेली असते, पहिल्या वेच्याचा कापूस ओसरीत आढ्याला टेकायच्या बेतात असतो आणि अभ्यासाला जागा म्हणून उरते ती अंगणातली एक बाज. यंदा ती बाजेवर बसली तीच तोंड फुगवून. हातात घटक चाचणीचा पेपर, आणि ‘पिक अप इट’ या तीन शब्दांवर लाल शाईची लांबलचक काट.

“मामाजी, यात काय चुकलं? पिक अप द बॅग बरोबर, मंग पिक अप इट काहून चूक?”

“मॅडमनं काय सांगतलं?”

“असंच असते म्हने.”

मी अमरावतीला इंग्रजी घेऊन बीए केलं आणि परत येऊन वावर धरलं. त्यामुळे बँकेचं इंग्रजी पत्र आलं की लोक माझ्याकडे येतात. ‘असंच असते’ हे उत्तर मलाही त्या काळी मिळालं होतं आणि मी ते निमूट गिळलं होतं. ही पोरगी काही गिळायला तयार नव्हती.

आता या ‘पिक’चंच बघा. एकटा असला तर आमच्यासाठी तो सरळ ‘वेच’. मागे ‘अप’ लागला की उचल, ‘आउट’ लागला की निवड, ‘ऑन’ लागला की एखाद्याच्या हात धुवून मागे लाग. बाया ओटी बांधून कापूस ‘पिक’ करतात, मी गाठोडं ‘पिक अप’ करतो, व्यापारी त्यातली नेमकी कवडी, म्हणजे खराब कापूस, ‘पिक आउट’ करून माझ्या डोळ्यांसमोर धरतो आणि मग भाव पाडायला मलाच ‘पिक ऑन’ करतो. क्रियापद एकच, पण शेपूट बदललं की जनावर बदलतं.

नियम सोपा आहे. वस्तूचं नाव घेतलं तर ‘पिक अप द बॅग’ म्हणा की ‘पिक द बॅग अप’ म्हणा, दोन्ही चालतं. पण नावाऐवजी सर्वनाम आलं, की त्याने मधेच बसायचं. पिक इट अप. काहून, ते मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मला एसटीत बसल्या बसल्या कळलं.

तिघांच्या सीटवर बाप्पा कोण कुठे बसतो? लेकरू मधात. भारी माणूस कडेला, एक पाय बाहेर काढून. इंग्रजी वाक्यात ती कडेची जागा वजनदार शब्दाची असते, ज्यात काही नवी बातमी आहे त्याची. ‘बॅग’ म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीतरी कळतं. ‘इट’ म्हटलं की काहीच कळत नाही, कारण कशाबद्दल बोलणं चाललंय ते आधीच ठाऊक असतं. इंग्रजी माणूस ते धड उच्चारतसुद्धा नाही. ‘पिकिटप’ असं एका दमात म्हणतो आणि जोर देतो तो ‘अप’वर. म्हणून ‘इट’ लेकरासारखं मधात. उलट ‘काल वावरात विसरलेली ती निळी बॅग’ असं लांबलचक गाठोडं असेल तर ते मधे कोंबता येत नाही, ते घेऊन कडेलाच बसावं लागतं.

हे मी तिला सांगत होतो तेवढ्यात आई ओसरीतून ओरडली, “उचल ना वं!” काय उचल? दोघींनाही माहीत होतं, अंगणात वाळत घातलेल्या वड्या. आपल्याकडे जे ठाऊक आहे त्याला आपण सीटच देत नाही. ‘ते उचल’ असं म्हणायचीही गरज नाही, नुसतं ‘उचल’. इंग्रजीत तसं भागत नाही. नाव नको, वजन नको, पण डोकं मोजायला कोणीतरी बसलेलं दिसलंच पाहिजे. हाफ तिकिटासारखं.

आणि गंमत म्हणजे हा ‘पिक अप’ गावात कधीचाच येऊन बसला आहे. कापूस न्यायला येते ती पिकअप. चढावर मोटारसायकल दमली तर ती पिकअप घेत नाही. म्हातारे तालुक्याला चेकअप करून येतात. आपण इंग्रजांची ही जोडी उचलली, तिच्या दोन शब्दांत खिळा ठोकून तिचं नाम केलं आणि पुढे आपलं ‘कर’ नाहीतर ‘घे’ जुंपलं. आता त्या दोघांच्या मधात ‘इट’ काय, मुंगीही शिरत नाही.

नियम समजला म्हणून पोरगी खूश झाली आणि मीही. पाच मिनिटं. मग तिने वहीत शेळीवर वाक्य लिहून आणलं: ‘लुक हर आफ्टर’.

“तुमीच तं सांगतलं ना, मधात बसव म्हनून!”

आता आली पंचाईत. ‘लुक आफ्टर हर’ हेच बरोबर. का, तर ‘अप’ हा क्रियापदाच्या घरचा माणूस, आणि ‘आफ्टर’ हा पाहुण्याचा हात धरून आलेला. त्याला पाहुण्यापासून तोडता येत नाही. ओळखायची खूण? ‘लुक द गोट आफ्टर’ म्हणून पाहायचं, कानाला खुपलं तर जोडी तोडायची नाही. पण कान त्यांचा लागतो ना! माझ्या कानाला दोन्ही सारखीच. ‘पुट अप विथ इट’मध्ये तर दोन्ही घरचे येऊन बसतात, ते प्रकरण मी तिच्यासमोर काढलंच नाही.

सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली त्याचा मोठा इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं होतं की परक्यांना सगळ्यात जड जातात ती हीच क्रियापदं, आणि सुट्या शब्दांच्या अर्थावरून जोडीच्या अर्थापर्यंतची वाट कितीही हुशारी लावली तरी सापडायची नाही. या जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे आज शाळेत शिकवतात ते नाव रूढ झालं ते पुढे 170 वर्षांनी, लोगन पिअरसॉल स्मिथच्या 1925 सालच्या पुस्तकापासून. तोवर पोरं बिनानावाच्या भुताशी झगडत होती म्हणायची.

तसं आपल्यालाही हे भूत नवं नाही. संस्कृतच्या तासाला ‘प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’ घोकलंच होतं की. एकाच धातूच्या आधी उपसर्ग लागतो आणि मार देणं, जेवणं, मारून टाकणं, हिंडणं असे अर्थ फुटत जातात. वेदांच्या भाषेत तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे, चार शब्द लांबही जाऊन बसत. पुढे ते शेपटीऐवजी शिंगासारखे डोक्याला घट्ट चिकटले.

आणि मराठीत? “आपल्यात असं कायी नाई ना?” भाचीने विचारलं. मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं, मी आत्ताच ‘मारून टाकणं’ म्हणालो. टाकणं म्हणजे काय, फेकणं. मारून काय फेकलं? ‘सांगून टाक’मध्ये ओझं उतरवायचं असतं, ‘सांगून ठेव’मध्ये पुढची तजवीज असते, ‘सांगून बसला’ म्हटलं की माणूस पस्तावलेला दिसतो. आणि आमच्या वऱ्हाडात तर चालता माणूसही ‘जाऊन राहिला’ असतो. पुण्याच्या पाहुण्याला मी एकदा “तो येऊन राहिला” म्हटलं, तर तो म्हणाला, “कुठे, तुमच्याकडे?” अहो, तो अजून रस्त्यात होता.

भाची हसून बाजेवरून पडता पडता राहिली. हे ‘पडता पडता राहिली’ आता इंग्रजीत कसं सांगायचं, ते राहू द्या.

मग मीच तिला म्हटलं की ‘लुक’ला ‘अप’ लावून पाहा. शब्दकोशात शब्द शोधायचा तर ‘लुक इट अप’, पुन्हा मधात. पण निंबाच्या बुंध्याशी उभं राहून झाडावर नजर टाकायची असेल, तर तिथला ‘अप’ झाडाच्या घरचा. तिथे ‘लुक अप इट’च म्हणावं लागतं.

“म्हंजे ‘अप इट’ बी बरोबर असते?”

“झाड असलं तं असते.”

ती पेपरातल्या त्या लाल काटेकडे बघत बसली. तेवढ्यात कौलांवर धडधड झाली. दोन वानरं वड्यांच्या सुपड्यावर उतरली, आई काठी घेऊन धावली, आणि त्यातलं थोरलं एक मूठभर वड्या घेऊन सरळ निंबाच्या बुंध्यावर.

“मामाजी!” पोरगी बाजेवर उभी राहून ओरडली, “इट रॅन अप इट!”

आईने काठी खाली टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं. “काय म्हनते ते?”

“वांदर झाडावर चढलं म्हनते.”

“ते मले दिसून राहिलं,” आई म्हणाली. “वड्या किती नेल्या ते इचार.”