काल पाच तास मी बार्ड होतो

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ. त्यातला बार्ड म्हणजे गावोगाव फिरणारा गायक. कालच्या रविवारी मित्राच्या घरी आम्ही पाचजण, जेवणाच्या टेबलावर पसरलेले फासे आणि तीनदा झालेला चहा.

हा गडी तलवारीपेक्षा शब्दांवर जगतो. सोबत्याला धीर द्यायचा आणि सहा बाजूंचा एक फासा त्याच्या हवाली करायचा. तो अडला, की त्या फाशाचे आकडे आपल्या वीस बाजूंच्या फाशात मिळवतो. नियम एवढाच. पण फासा नुसता सरकवायचा नाही, दर वेळी पोवाड्याच्या चालीत दोन ओळी म्हणायच्या, असं मी घरूनच ठरवून गेलो होतो. डफ नव्हता, स्टीलचा डबा होता.

आमच्यातली योद्धा एरवी फार कमी बोलते. दोराला लटकून दरी ओलांडायची होती. मी डब्यावर थाप दिली:

दोर आवळ मुठी, नजर पैल काठी
अवघी दरी थांबली गं, तुझ्या उडीसाठी

बाकीच्यांनी आपणहून ‘जी जी रं जी’ धरलं. तिची बेरीज ११ वर अडकली, लागत होते १५. तिने माझा फासा उचलला, मुठीत दोनदा हलवला. पडले चार!

लहानपणी जत्रेत शाहिराने आवाज चढवला की अंगावर काटा यायचा. काल तोच काटा समोरच्या हातावर दिसला. निघताना तिने त्या दोन ओळी मागून घेतल्या, स्वतःच्या कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिल्या.