टॅक्रोलिमसची लेव्हल: आधी रक्त, मग गोळी

आईची किडनी मला बसवली तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, चालू आहे. ऑपरेशनची चौकशी सगळेच करतात, पण या औषधाच्या लेव्हलबद्दल कुणी काही सांगत नाही. पुण्यात नव्याने ट्रान्सप्लांट झालेल्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

हे औषध रक्तात नॅनोग्रॅममध्ये मोजतात. सुरुवातीला माझ्या डॉक्टरांना एका मिलिलिटरमागे 8 ते 10 हवं होतं. कमी पडलं तर शरीर किडनी नाकारू शकतं आणि वाढलं तर तेच औषध किडनीला बाधतं. डोस सारखा असला तरी लेव्हल माणसागणिक बदलते, कारण यकृतातली आणि आतड्यातली एन्झाइम्स ते कुणात भराभर मोडतात, कुणात सावकाश.

रक्त द्यायचं ते सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर. माझी रात्रीची गोळी नऊची. सेंटरवाले म्हणतात, "मॅडम, सातला या, गर्दी नसते." मी कोथरूडहून निघते ती नऊच्या बेतानेच. गोळी पर्समध्ये असते, रक्त दिलं की तिथल्याच बाकावर बसून घेते. फॉर्मवर रात्रीच्या गोळीची आणि रक्त दिल्याची, दोन्ही वेळा लिहायला लावते.

ट्यूब जांभळ्या झाकणाची लागते. औषध बरंचसं तांबड्या पेशींत जाऊन बसतं, त्यामुळे सीरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं पाणी, वेगळं काढून चालत नाही, अख्खं रक्तच तपासावं लागतं. एकदा एका सेंटरवर ताईंनी लाल झाकणाची ट्यूब हातात घेतली. मी म्हटलं, "ताई, एकदा लॅबला विचारता का?" त्यांनी फोन लावला आणि मुकाट्याने ट्यूब बदलली. तेव्हापासून सुई टोचण्याआधी मी झाकणाकडे बघते.

एका दिवाळीत नेहमीची लॅब बंद होती, म्हणून दुसरीकडे रक्त दिलं. एरवी आठच्या आसपास असणारी लेव्हल 9.8 आली. मी घाबरून फोन केला, तर डॉक्टरांनी आधी विचारलं, "पद्धत कोणती लिहिलीय?" रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात इम्युनोअसे होतं. त्यातली अँटिबॉडी औषधाबरोबर त्याचे काही मेटाबोलाइटही (शरीरात औषध मोडून झालेले पदार्थ) पकडते, म्हणून आकडा थोडा फुगतो. माझ्या नेहमीच्या लॅबमध्ये एलसी-एमएस नावाची वेगळी पद्धत आहे. त्यात औषध आणि मेटाबोलाइट वेगळे काढून रेणूच्या वजनावरून ओळखतात. पुढच्या आठवड्यात तिथे 8.1 आलं. डोस तोच राहिला. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून स्वतःच गोळी कमी करणारे लोक मी ओपीडीत पाहिले आहेत, आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते.

मात्र एका पावसाळ्यात लेव्हल खरोखर वाढली. जुलाब झाले होते. औषध कमी शोषलं जाईल असं मला वाटत होतं, पण झालं उलटंच. आतड्याच्या अस्तराला इजा झाली की तिथे औषध अडवणारी यंत्रणा ढिली पडते आणि जास्त औषध रक्तात उतरतं. हातांना इतका कंप सुटला की कपातला चहा बशीत सांडत होता. लेव्हल 15 च्या वर, किडनीचं काम बिघडलं की वाढणारं क्रिएटिनिनही चढलेलं. डॉक्टरांनी डोस उतरवला, पुन्हा लेव्हल करायला लावली, मग हळूहळू सगळं जागेवर आलं.

आता जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी फोन करते. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) कुणी लिहून दिलं, तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारते, कारण दोन्हींनी लेव्हल चढते. पपनसानेही चढू शकते, म्हणून मंडईत कितीही छान दिसलं तरी घेत नाही.